बोटुकली सोडायच्या आधी तलावात माशाचं घर तयार करा

तलाव ठेक्यानं मिळाला की नवीन गट सगळ्यात आधी बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या मासळीच्या पिल्लांची, ऑर्डर देतो. वर्गणी काढायची, टेम्पो बोलवायचा, ऑक्सिजनच्या पिशव्या सोडायच्या आणि मोकळं व्हायचं. मग हिवाळ्यात जाळं ओढलं की बीज गेलं कुठं म्हणून भांडणं सुरू, कोणी म्हणतं चोरी झाली, कोणी म्हणतं पाणकावळ्यांनी खाल्लं, कोणी म्हणतं हॅचरीवाल्यानं मोजून कमी दिलं. यातलं थोडंथोडं सगळंच खरं असू शकतं, पण बऱ्याच तलावांत खरा घोळ असा असतो की तिथं माशाला लपायला, चरायला आणि अंडी घालायला जागाच उरलेली नसते. नुसतं पाणी असून भागत नाही. म्हणून ही जागा कशी तयार करायची ते उन्हाळ्यापासून क्रमानं लिहितोय, पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी.

मी लिहितोय ते मुख्यतः आपल्या पूर्व विदर्भातल्या तलावांबद्दल, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे गावच्या जमीनदारांच्या ताब्यातले), ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, आणि गावागावातल्या बोड्या, म्हणजे छोटे तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी हे तलाव बांधले, धानाला पाणी मिळावं म्हणून, आणि त्यात मासेमारी करत आला ढिवर समाज. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि गावाची जी देखरेख होती ती हळूहळू सुटत गेली. गाळ भरला, बेशरम नावाचं झुडपी तण माजलं, धानावरच्या औषधांचं पाणी उतरू लागलं आणि तलावातल्या मूळच्या वनस्पती गेल्या, त्यांच्यामागे मरळ, शिंगी, मागूर, चालट असले गावठी मासेही कमी झाले. भंडाऱ्याच्या मनीष राजनकर यांच्या फीड या संस्थेनं ढिवरांच्या सोसायट्या आणि बायकांच्या गटांबरोबर अशा तलावांमधून बेशरम काढून देशी पाणवनस्पती परत लावायचं काम केलंय, आणि खाली जी पद्धत सांगतोय तिचा गाभा तोच आहे. दुसरीकडच्या पाझर तलावात किंवा गावतळ्यातही थोडाफार फरक करून हेच चालतं.

आधी परवानगी, मग फावडं

तलाव कोणाचा आहे ते नीट विचारून घ्या. जिल्हा परिषद, पाटबंधारे, ग्रामपंचायत, काही ठिकाणी वनविभाग. मासेमारीचा ठेका तुमच्याकडे आहे म्हणून तलावाचा तळ खोदायचा हक्क मिळत नाही. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव लिहून घ्या. आणि एक माणूस विसरू नका, तो म्हणजे पाणी उतरल्यावर तळात गाळपेर करणारा शेतकरी, कारण तुम्ही जिथं वनस्पती लावणार त्याच उथळ पट्ट्यात त्याचं पीक असतं. त्याच्याशी आधी बोललात तर तो राखण करेल, नाही बोललात तर एका नांगरणीत तुमचं सगळं काम जाईल. शिंगाडा लावणारे असतील तर त्यांच्याशीही बसून कोणता कोपरा कोणाचा ते ठरवा. शिंगाड्याला माझा विरोध नाही, बऱ्याच घरांचं पोट त्यावर आहे, पण पानांनी पूर्ण पाणी झाकलं की खाली ऊन पोचत नाही आणि वरून कीटकनाशक मारलं तर माशाचं नुकसान होतंच.

मार्च-एप्रिलमध्ये तलाव बघा

पाणी उतरल्यावर तलाव सगळं सांगतो. पाळीवरून एक चक्कर मारा, वहीत कच्चा नकाशा काढा. मामा तलावाची ठेवण साधारण अशी असते की पाळीजवळ खोल आणि वरच्या अंगाला, जिकडून ओढे-नाले येतात तिकडं, लांबच लांब उथळ पसरट तळ. ही उथळ बाजू म्हणजे माशाचं बाळंतघर आणि पाळणाघर दोन्ही. पाळीजवळचा खोल भाग म्हणजे उन्हाळ्यातला आसरा. दोन्ही पाहिजेत, एकावर भागत नाही.

नकाशावर इतकं लिहा: मे महिन्यात शेवटचं पाणी कुठं राहतं, बेशरम कुठं आहे, जनावरं कुठून उतरतात, बायका धुणं कुठं धुतात, पोरं कुठं पोहतात, सांडवा कुठं, पाणी सोडायचं दार कुठं, आणि जाळं ओढायची नेहमीची पट्टी कोणती. ही शेवटची गोष्ट नवीन लोक सोडून देतात आणि मग स्वतःच टाकलेल्या फांद्यांमध्ये स्वतःचं जाळं फाडून घेतात.

पाण्याची एक साधी तपासणी पण करा. सकाळी ऊन चढल्यावर कंबरभर पाण्यात, तळ न ढवळता उभं राहायचं, हात कोपरापर्यंत सरळ खाली घालायचा आणि तळवा दिसतो का बघायचं. दिसत असेल तर ऊन खाली जातंय, वनस्पती लागतील. मनगट बुडेपर्यंतच तळवा दिसेनासा झाला तर पाणी फार गढूळ किंवा फार हिरवं आहे, अशा ठिकाणी बुडालेल्या वनस्पती आधी अगदी उथळ पाण्यात लावाव्या लागतात.

बेशरम काढणं

हे सगळ्यात कष्टाचं काम आणि इथंच घाई होते. बेशरम ही दक्षिण अमेरिकेकडची वनस्पती, तिला जनावर तोंड लावत नाही, शेळीनं खाल्ली तर आजारी पडते, आणि तिच्या फांदीचा वीतभर तुकडा ओल्या मातीला लागला तरी त्याला मुळं फुटतात. म्हणून विळ्यानं कापून तिथंच टाकणं म्हणजे लागवड करण्यासारखंच आहे. कुदळीनं मुळासकट उपटा, पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या बाहेर कोरड्यावर ओढून न्या, कडक वाळू द्या. चिकाचा त्रास होतो तर हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका. काम एप्रिल-मे मध्ये करायचं आणि पाऊस पडल्यावर पुन्हा एकदा फिरून राहिलेले कोंब उपटायचे, पुढच्या वर्षी परत. एका उन्हाळ्यात ती संपत नाही.

पाळीच्या उतारावर बेशरम असेल तर तिथं जरा थांबा, कारण तिच्या मुळांनी माती धरलेली असते. थोडी थोडी काढा आणि त्या जागी लगेच वाळा किंवा गावातलं घट्ट मुळाचं गवत लावा. पाळीच्या पायथ्याला ट्रॅक्टर नेऊ नका.

जलपर्णी असेल तर तीही पूर्ण बाहेर. निम्मी काढून उरलेली पुढच्या महिन्यात बघू असं म्हटलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा तेवढीच दिसेल.

गाळ काढायचा का?

काढायचा, पण सरसकट नाही. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार सारख्या योजनेत पोकलेन आला की तो सगळा तळ सारखा खरवडून नेतो, शेतकऱ्याला गाळ मिळतो, पाणीही वाढतं, पण त्या वरच्या थरातच वनस्पतींचे कंद आणि बिया असतात आणि कडा उभ्या झाल्या की उथळ पट्टा संपतो. म्हणून मशीन यायच्या आधी गटानं जाऊन खुंट्या ठोकून द्या. वरच्या अंगाचा उथळ भाग सोडायचा, कडेचा उतार हळूहळू खाली जाणारा ठेवायचा, आणि पाळीपासून सुरक्षित अंतरावर जिथं शेवटचं पाणी राहतं तिथं एक-दोन ठिकाणी डोह करून घ्यायचे, आजूबाजूच्या तळापेक्षा सहा-सात फूट खोल. मे मध्ये सगळं आटलं तरी या डोहात थोडं पाणी राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात अंडी घालणारे मरळ, शिंगी तिथंच तग धरतात. ह्या डोहात उन्हाळ्यात कोणी जाळं घालायचं नाही, हा नियम ठरावातच लिहून घ्या. पाणी कमी झाल्यावर एका दिवसात सगळं ओरपून न्यायचा मोह फार मोठा असतो, आणि तो दिवस तलावाची पुढची दोन-तीन वर्षं खातो.

फांद्या, बांबू, दगड

वनस्पती लागायला वेळ लागतो, तोवर आडोसा आपण द्यायचा. सगळ्यात स्वस्त म्हणजे बाभूळ, बोर यांच्या काटेरी फांद्या. त्यात पिल्लं मोठ्या माशापासून आणि पाणकावळ्यापासून लपतात, फांदीवर शेवाळाचा बुळबुळीत थर बसतो, त्या थरात किडे, झिंगे येतात आणि ते खायला मासा येतो. महिना-दोन महिन्यांनी एखादी फांदी पाण्याबाहेर काढून बघा, हाताला तो थर लागेल आणि बारीक पारदर्शक झिंगे टपटप खाली पडतील. शिवाय रात्री कोणी येऊन फेकजाळं टाकलं तर ते काट्यात अडकतं, हा फायदा वेगळाच.

पद्धत अशी. फांद्या तोडून आधी पानं वाळून झडू द्या, हिरवा पाला पाण्यात कुजला की ऑक्सिजन खातो. चार-पाच फांद्यांची बुडं एकत्र घेऊन काथ्याच्या दोरीनं किंवा तारेनं बांधा, बुडाला दगड भरलेलं पोतं बांधा, म्हणजे जुडगा तरंगत नाही आणि साधारण उभा राहतो. हे सगळं तळ कोरडा असतानाच करायचं, बरसातीनंतर होडीतून करायला दुप्पट त्रास. पाणी भरल्यावर पाच ते आठ फूट होईल अशी जागा निवडा, फार खोल नको, कारण उन्हाळ्यात खोल पाण्यात तळाला ऑक्सिजन कमी पडतो आणि तिथला आडोसा रिकामाच राहतो. सगळ्या फांद्या एका जागी ढीग घालण्यापेक्षा पाच-सहा ठिकाणी वाटून टाका, प्रत्येक ठिकाणी एक उंच बांबू रोवून वर लाल फडकं बांधा. दारासमोर, सांडव्यावर, घाटाजवळ आणि पोरं पोहतात तिथं काटे अजिबात नकोत. जाळ्याची पट्टी मोकळी.

बांबू हा फांदीपेक्षाही चांगला, फक्त पैसे लागतात. बांबू उभे रोवले की त्यावर जे शेवाळ धरतं ते रोहू खरवडून खाते. बांगलादेशात यावर बराच अभ्यास झालाय आणि रोहूचं उत्पादन बांबूमुळे वाढतं हे तिथं दिसून आलंय. पश्चिम आफ्रिकेत बेनिन देशातले मच्छीमार तर पिढ्यान्‌पिढ्या खाडीत फांद्यांची अशी रानं उभी करून मासे धरतात. आपल्याकडे बांबूच्या कामात उरलेल्या बारीक कंच्या फुकट मिळतात, त्या रोवल्या तरी चालतं.

दगडांचा ढीग, फुटकी मडकी, सिमेंटच्या जुन्या पाइपचे तुकडे, हे तळाशी राहणाऱ्या माशांना. शिंगी आणि मागूर दिवसा असल्या बिळात बसतात. चालट अंडी चिकटवायला दगड, ओंडका असलं कडक काहीतरी शोधते. मडकं आडवं ठेवायचं, तोंड उताराकडे, म्हणजे गाळानं भरत नाही.

काय टाकायचं नाही तेही सांगतो. जुने टायर नको. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ 1970 च्या दशकात माशांना घर म्हणून सुमारे 20 लाख टायर समुद्रात टाकले होते, बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, टायर लाटांनी वाहून प्रवाळावर आपटले, आणि नंतर ते बाहेर काढायचं काम करावं लागलं. रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, औषधाचे डबे, थर्माकोल नको. गेळ, हिंगणबेट असल्या झाडांची फळं मासे गुंगवायला वापरतात हे जुन्या लोकांना माहीतच आहे, त्यांच्या फांद्या नको. आणि मोहाची पेंड. नको असलेले मासे मारायला तलावात मोहाची पेंड टाकायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल, फक्त कटला-रोहू-मृगळ घ्यायची असेल तर तशी पद्धत आहेही, पण पेंड गावठी मासा आणि कटला यात फरक करत नाही. ज्या तलावात मरळ-शिंगी परत आणायची आहे तिथं ती टाकू नका.

पहिला पाऊस: नांगरणी आणि लागवड

मे च्या शेवटी उथळ पट्ट्याचा तळ नांगरून घ्या. कडक झालेली माती मोकळी होते, जुन्या कंदांना कोंब फुटायला जागा मिळते. मग जूनच्या शेवटी, जुलैत, तळात घोटा ते गुडघाभर पाणी आलं की लागवड.

रोपं विकत आणायची गरज नाही. जवळच्या ज्या तलावात अजून चांगलं रान टिकून आहे तिथून थोडी थोडी आणा, तिथल्या लोकांना विचारून, आणि एका जागचं सगळं उपटू नका. तीन तऱ्हेच्या वनस्पती हव्यात. पाण्याखाली राहणाऱ्या, जसं हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिस्नेरिया. पान तरंगणाऱ्या, जसं कुमुद आणि त्याचे बारके भाऊबंद. आणि काठावर पाण्यातून वर येणाऱ्या, लव्हाळ्यासारखे गवती प्रकार, देवधान. शास्त्रीय नावं पाठ नसली तरी चालतं, गावातल्या म्हाताऱ्या ढिवर बाईला सोबत घ्या, कोणत्या वनस्पतीत कोणता मासा बसतो ते ती तुम्हाला नाव घेऊन सांगेल.

लावायची रीत: हायड्रिलाच्या हातभर लांब पाच-सहा काड्या एकत्र धरायच्या, खालच्या टोकाला चिकण मातीचा लिंबाहून मोठा गोळा घट्ट दाबायचा आणि गोळा चिखलात खोचायचा, नुसता सोडला तरी बुडून बसतो. दोन-तीन फुटांवर एक. सेराटोफायलमला मुळंच नसतात, तो नुसता पाण्यात सोडायचा, आपोआप पसरतो. कंद असलेली गवतं काठाच्या चिखलात चार बोटं खोल. आणलेली प्रत्येक जुडी आधी बादलीत हिसळून बघा, जलपर्णीचं एखादं बारकं रोप त्यातून आलं तर सगळ्या उन्हाळ्याची मेहनत पाण्यात.

पहिल्या पावसाळ्यात लागवडीला बांबूचं कुंपण घाला, म्हशी बसल्या की सगळं तुडवलं जातं. जनावरांना पाण्याला यायची एक वाट मोकळी ठेवा, ती अडवली तर भांडण तुमच्याशीच होणार.

किती झाकायचं? तलावाच्या पाव ते एक तृतीयांश भागात वनस्पती असाव्यात, त्यापेक्षा जास्त झाल्या तर काढायच्या. कारण दिवसा वनस्पती ऑक्सिजन सोडतात पण रात्री त्याही ऑक्सिजन घेतात, आणि गर्दी जास्त झाली की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून हवा घेताना दिसतात. सलग ढगाळ हवा असेल तेव्हा पहाटे एक चक्कर माराच. काढलेलं रान काठावर कुजू देऊ नका, शेतात खताला न्या.

पाणी चढतं तेव्हा मासा अडवू नका

पहिल्या जोरदार पावसात तलावातला गावठी मासा ओढ्यानं, धानाच्या बांधीतल्या पाण्यानं वर चढतो, अंडी घालायला. चढणीचे मासे सगळ्यांनाच माहीत आहेत आणि तेव्हाच सगळे काठ्या, टोपल्या, जाळी घेऊन धावतात. पोटात अंडी असलेली एक मादी तेव्हा धरली तर तिच्याबरोबर हजारो पिल्लं गेली. ते आठ-दहा दिवस सोसायटीनं बंदी घालावी आणि पाळावी, येणाऱ्या नाल्याची तोंडं मोकळी ठेवावी. रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून त्यांचं बीज आपण विकत आणतो. गावठी माशाचं बीज मात्र तलाव स्वतः देतो, फुकट, त्याला फक्त वाट आणि रान पाहिजे.

मरळीकडे खास लक्ष द्या. ती वनस्पतींमध्ये जागा साफ करून अंडी घालते, अंडी वर तरंगतात, नर-मादी दोघं राखण करतात. नंतर लालसर-केशरी पिल्लांचा पुंजका वर-खाली होताना दिसतो आणि आईबाप त्याच्याखालीच असतात. असा पुंजका दिसला की लोक नेमका तिथं गळ टाकतात कारण मरळ लगेच झेप घेते. मोठी मरळ गेली की पिल्लं एका दिवसात दुसऱ्यांच्या पोटात जातात. पुंजका दिसेल त्या भागात गळ बंद, एवढं गावातल्या पोरांना समजावून सांगा.

आता बोटुकली

वनस्पती धरल्या, पाणी थोडं निवळलं की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बीज सोडा. तलावात मरळ, शिवडा असे शिकारी मासे असतील तर जिरे (अगदी बारीक पिल्लं) किंवा इंचभराचं बीज सोडून उपयोग नाही, चांगली तीन-चार इंचाची बोटुकली घ्या, महाग वाटली तरी. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या, आणि सोडायची ती फांद्यांच्या-वनस्पतींच्या कडेला, मोकळ्या पाण्याच्या मधोमध नाही.

गवत्या (ग्रास कार्प) सोडू नका. तो वनस्पतीच खातो, लावलेलं सगळं रान साफ करेल. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो आणि रोपं उपटतो, तोही निदान पहिली दोन वर्षं नको. तिलापिया एकदा शिरली की निघत नाही. आणि थाई मागूर म्हणून जो विकतात त्यावर बंदी आहे, बीजवाला कितीही स्वस्तात देत असला तरी हात लावू नका, आपला देशी मागूर वेगळा.

प्लास्टिकचं शेततळं असेल तर

इथं काटेरी फांद्या आणि दगड विसरा, तळाचा प्लास्टिकचा कागद फाटेल. प्लास्टिकच्या क्रेटमध्ये पोत्याचा कपडा घालून माती भरा, त्यात व्हॅलिस्नेरिया लावा आणि दोरीनं हळू खाली सोडा. वर बांबूचा तराफा, त्याला काथ्याच्या दोऱ्या लोंबत्या, दोऱ्यांवर शेवाळ धरतं आणि तराफ्याची सावली पण मिळते. पण त्याच्याही आधी चारही बाजूंना गाठी मारलेले जाड दोर वरून खांबाला बांधून पाण्यापर्यंत सोडा आणि कुंपण घाला. ओल्या कागदाच्या उतारावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही, शेततळ्यात पडून लेकरं दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. दोर बांधल्याशिवाय मासेपालनाचं कुठलंच काम सुरू करू नका.

पुढच्या वर्षी काय बघायचं

बारक्या फांद्या एक-दोन वर्षांत कुजतात, दर उन्हाळ्यात थोड्या नव्या टाका, जुन्या काढायची गरज नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सकाळी बारीक आसाचं छोटं जाळं किंवा जुनी मच्छरदाणी घेऊन वनस्पतींच्या कडेनं दोन हात ओढा, काय येतं ते बघून, वहीत लिहून परत सोडा. झिंगे, पाण्यातले किडे, बारक्या जातींची पिल्लं येत असतील तर काम लागलंय. मोकळ्या पाण्यातही तसंच ओढून बघा आणि दोन्ही ठिकाणचं शेजारी शेजारी लिहा, ग्रामसभेत पुढच्या वर्षी हीच वही कामाला येते. हिवाळ्यात मोठं जाळं ओढाल तेव्हा फांद्यांचे दोन पुंजके आणि वरचा एक कोपरा दरवर्षी न धरता सोडायचा, कोणता ते ठेका वाटायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवून घ्या.